प्लीहा राखावी की काढावी?



सरांच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत आजवर साहित्य झालं, इतिहास झाला, मराठवाड्याचं पाणी आणि शेती झाली. यंदा संयोजकांनी मला विषय विचारला आणि मी ‘प्लीहेतलं गळू’ असं म्हणालो, तेव्हा फोनवर थोडा वेळ काही ऐकूच आलं नाही. मग त्यांनी सावरून घेत सुचवलं, की मधुमेह, हृदयविकार, शहराचं पाणी असं सगळ्यांच्या उपयोगाचं काही घ्या. मी त्यांना म्हटलं, या एका गळवात मधुमेह आहे, हृदय आहे आणि शहराचं पाणीही आहे. आज तेच तुमच्यापुढे मांडतो.

सर शल्यविशारद होते. शस्त्रक्रिया कशी करावी हे त्यांनी आमच्या पिढीला शिकवलं, आणि ती कधी करू नये याचा अभ्यासही तितक्याच कडकपणे करून घेतला. म्हणून त्यांच्या स्मरणार्थ असा विषय निवडला, ज्यात सुरी चालवणं तुलनेने सोपं आहे आणि ती कधी चालवावी हे ठरवणं अवघड.

आधी अवयवाची ओळख. डाव्या कुशीत, बरगड्यांच्या आड प्लीहा असते. आपल्या खेड्यापाड्यांत तिला पाणथरी म्हणतात. वैद्यकाच्या पहिल्या वर्षाची मुलं तिच्यासाठी विषम आकड्यांची माळ पाठ करतात : १, ३, ५, ७, ९, ११. म्हणजे एक इंच जाडी, तीन इंच रुंदी, पाच इंच लांबी, सात औंस वजन आणि नवव्या ते अकराव्या बरगडीआडची जागा. निरोगी मोठ्या माणसाचं पोट तपासताना ती सहसा हाताला लागत नाही. लागली, तर ती वाढली आहे असं समजायचं.

एवढ्याशा अवयवातून हृदयाने पुढे ढकललेल्या रक्ताचा सुमारे विसावा भाग जातो. प्लीहा ही रक्ताची गाळणी आहे. म्हाताऱ्या झालेल्या तांबड्या पेशी ती मोडीत काढते आणि रक्तात शिरलेले जंतू धरते. काही जंतूंच्या अंगावर शर्करायुक्त कवच असतं. न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस, हिमोफिलस ही त्यातली ठळक नावं. हे जंतू शरीराच्या इतर पहारेकऱ्यांना सहज गुंगारा देतात, पण प्लीहेतून सुटणं त्यांना अवघड जातं. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण व्याख्यानाच्या उत्तरार्धाचा सगळा भार तिच्यावर आहे.

जंतू पकडणं हेच जिचं रोजचं काम, तिच्यात गळू सहसा होत नाही. जुन्या शवविच्छेदनांच्या नोंदींत हजारात साधारण दीड ते सात जणांच्या प्लीहेत ते सापडलं आहे. ते होण्यासाठी जंतूंचा मारा एकतर फार मोठा किंवा सतत चालू असावा लागतो. नाहीतर प्लीहेचा एखादा तुकडा रक्तपुरवठा तुटून किंवा मार लागून आधीच मेलेला असतो. अंगातली प्रतिकारशक्ती खचलेली असली तरी जंतूंचं फावतं. अनेकदा यातल्या दोन गोष्टी एकत्र येतात.

आपल्या वैद्यकाला हा आजार अपरिचित नव्हता. सुश्रुताने निदानस्थानात शरीराच्या आत होणाऱ्या विद्रधींच्या जागा सांगितल्या आहेत, त्यांत यकृत आणि वृक्क यांच्या जोडीला प्लीहाही आहे. प्लीहेच्या विद्रधीचं लक्षण म्हणून त्याने श्वास अडखळणं सांगितलं. आजच्या डॉक्टरलाही हे निरीक्षण लगेच पटेल. प्लीहा श्वासपटलाला खेटून असते. ती सुजली, की खोल श्वास घेताना डावीकडे कळ येते, डाव्या फुप्फुसाखाली पाणी साचतं, आणि माणूस वरवरचा श्वास घेऊ लागतो. एक्स-रे नसलेल्या काळात, नुसतं रुग्णाजवळ बसून टिपलेली ही खूण आहे.

इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानातल्या प्लीहेची ख्याती वेगळ्याच कारणाने झाली. हिवतापाने ती अफाट वाढायची. १८४० च्या दशकात यमुनेच्या कालव्यांकाठच्या गावांत डॉ. डेम्पस्टर यांनी किती जणांची प्लीहा हाताला लागते हे मोजून त्या गावातल्या हिवतापाचा अंदाज बांधला. ही पद्धत पुढे जगभर वापरली गेली. याच वाढलेल्या प्लीहेचा कोर्टात बचावासाठीही उपयोग झाला. साहेबाने नोकराला मारावं, नोकर मरावा, आणि प्लीहा आधीच वाढलेली होती म्हणून ती फुटली असं सांगून साहेब सुटावा. आग्र्याचं फुलर प्रकरण १८७६ साली गाजलं. मोतद्दाराच्या मृत्यूबद्दल फुलर या इंग्रज वकिलाला दंड झाला तो ३० रुपये. न्याय सोडून त्यातलं वैद्यक तेवढं घ्यायचं, तर वाढलेली प्लीहा नाजूक असते आणि धक्क्याने फुटू शकते. आत पू असेल तर धोका आणखी वाढतो. म्हणून अशा रुग्णाचं पोट शिकाऊ डॉक्टरांनी एकामागून एक दाबून पाहू नये.

आता आपल्या भागाकडे येतो. १९५६ साली इथलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजेच लोकांची ‘घाटी’, सुरू झालं. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला. तेव्हापासून जालना, बीड, परभणी, हिंगोलीचा आणि शेजारच्या बुलढाणा, जळगाव, नगरचा रुग्ण ‘घाटीला न्या’ या दोन शब्दांवर इथे येतो. या रुग्णांच्या प्लीहेत पू का होतो, याची कारणं कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळतील. मी ती आपल्या माणसांच्या ओळखीने सांगतो.

एक कारण हृदयात असतं. लहानपणी सांधेवाताचा ताप येऊन झडप खराब झालेली असते. अशा झडपेवर जंतू बसतात, त्यांचे गोळे सुटून रक्ताबरोबर वाहत जातात आणि प्लीहेच्या रक्तवाहिनीत अडकतात. तेवढा भाग मरतो आणि तिथे पू धरतो. म्हणून प्लीहेत गळू दिसलं की हृदयाची इको तपासणी झालीच पाहिजे. झडप बदलायची वेळ आली, तर आधी प्लीहेतला पू निकालात काढायचा हा सर्वसाधारण नियम आहे. नाहीतर नव्या झडपेवर पुन्हा तेच जंतू येऊन बसतात.

दुसरं कारण टायफॉईड. साल्मोनेला जंतूंचा प्लीहेवर पहिल्यापासून डोळा असतो. टायफॉईडमध्ये ती वाढतेच, आणि क्वचित तिच्यात गळू होतं. याच्याशी जवळचं नातं असलेला आजार सिकलसेल. महाराष्ट्रात तो नंदुरबार, मेळघाट, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यात जास्त आहे. मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल नागपूरच्या शुक्ल आणि सोळंकी यांचा लेख १९५८ सालीच ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. आफ्रिकी वंशाच्या रुग्णांची प्लीहा बहुधा लहानपणीच आकसून निकामी होते. आपल्याकडच्या अनेक रुग्णांची मात्र मोठेपणीही वाढलेली राहते. रक्तपुरवठा तुटून तिचे तुकडे मरत राहतात, आणि त्या मेलेल्या भागावर साल्मोनेला सहज बसतो. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली. त्या मोहिमेत तपासणीबरोबर ‘सिकलसेलच्या रुग्णाला ताप आणि डावीकडे पोटदुखी म्हणजे सोनोग्राफी’ एवढं एक वाक्य प्रत्येक आशाताईला शिकवता आलं तरी मोठं काम होईल.

तिसरं कारण मधुमेह. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे रुग्ण दहा कोटींच्या वर आहेत. साखर आटोक्यात नसेल तर पांढऱ्या पेशींची लढण्याची ताकद कमी होते. लघवीच्या मार्गातला किंवा पायाच्या जखमेतला जंतू रक्तात उतरतो, आणि क्लेबसिएला, ई. कोलाय, स्टॅफिलोकॉकस यांपैकी कोणीतरी प्लीहेत घर करतो.

चौथं कारण फसवं आहे, मेलिऑइडोसिस. ‘बर्खोल्डेरिया’ जातीचा हा जंतू माती आणि पाण्यात राहतो आणि पावसाळ्यात डोकं वर काढतो. शेतात अनवाणी राबणारा मधुमेही माणूस हे त्याचं नेहमीचं सावज. १९१० च्या आसपास रंगूनच्या रुग्णालयात व्हिटमोर आणि त्यांचे भारतीय सहकारी कृष्णस्वामी यांनी तो ओळखला. मुंबईच्या डॉक्टरांनी १९९१ साली ‘इंडियन पीडियाट्रिक्स’मध्ये त्याची नोंद केली. कर्नाटकच्या किनारपट्टीवर तो आज नित्याचा मानला जातो. यकृत आणि प्लीहा दोन्हींत लहान-लहान गळवं दिसली आणि रुग्णाला मधुमेह असला, तर प्रयोगशाळेला आधी फोन करून या जंतूचा संशय सांगायचा. नाहीतर तो सुडोमोनास समजून सोडून दिला जातो, आणि ज्या औषधांना तो दाद देत नाही तीच चालू राहतात.

उरलेली कारणं थोडक्यात सांगतो. अपघातात प्लीहेला बसलेला मार, शेजारच्या स्वादुपिंडातून किंवा मोठ्या आतड्यातून पसरलेला पू, एचआयव्ही, केमोथेरपी. क्षयरोगही प्लीहेत गळवं करतो, पण त्याचा उपचार वेगळ्या वाटेने जातो.

आता हा रुग्ण दवाखान्यात कसा येतो ते पाहू. मी एक नमुना रुग्ण घेतो. धरून चाला, बीड जिल्ह्यातला पंचेचाळिशीचा ऊसतोड कामगार आहे. दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन तो आणि त्याची बायको, म्हणजे त्यांच्या भाषेत एक कोयता, पश्चिम महाराष्ट्रात गेले. फेब्रुवारीत त्याला ताप येऊ लागला. फड सोडला तर खाडा पडतो, उचल फिटत नाही. मग जवळच्या गावात एक सलाईन, दोन इंजेक्शनं, आणि संध्याकाळी पुन्हा कोपीवर. ताप दोन दिवस उतरतो आणि परत येतो. रक्त तपासलं, ‘विडाल’ पॉझिटिव्ह आली, टायफॉईड म्हणून सात दिवसांच्या गोळ्या झाल्या. डाव्या कुशीत दुखतं म्हणाला, तर मोळ्या उचलून लचक भरली असेल असं ठरलं. डावा खांदा दुखू लागला, त्याला मलम मिळालं. वजन उतरलं. पाचव्या आठवड्यात तो धापा टाकत गावी परतला आणि तिथून इथे आला.

या गोष्टीत प्रत्येक पायरीवर रोगाने खूण दिली होती. औषधाने दबून पुन्हा उसळणारा ताप म्हणजे आत कुठेतरी पू आहे, हा शल्यशास्त्राचा जुना नियम. डाव्या कुशीतलं दुखणं ही दुसरी खूण. खांद्याला काहीही झालेलं नसताना खांदा दुखणं ही तिसरी, कारण श्वासपटल आणि खांद्याची त्वचा यांच्या नसा मानेतल्या एकाच मुळाशी मिळतात. पुस्तकात ताप, डाव्या बाजूचं दुखणं आणि हाताला लागणारी प्लीहा असं त्रिकूट दिलेलं असतं, पण तिन्ही एकत्र दिसणारे रुग्ण थोडेच. तिन्हींची वाट पाहत बसलो तर गळू पोटात किंवा छातीत फुटतं. आणि उपचारच झाले नाहीत, तर हा आजार जवळपास हमखास प्राण घेतो.

विडाल चाचणीबद्दल एक शब्द बोलायला हवा. फर्नांड विडाल यांनी ती १८९६ साली दिली, तेव्हा ती मोठी प्रगती होती. आपल्या भागात मात्र टायफॉईड इतका पसरलेला आहे, की आधी कधीतरी झालेल्या संसर्गामुळेही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. एकदा विडालचा शिक्का बसला की पुढचा विचार थांबतो. त्यापेक्षा प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्याआधी रक्ताचं कल्चर घेतलं तर जंतूचं नावही कळतं आणि त्याला कोणतं औषध लागू पडेल तेही. डोसानंतर घेतलेलं कल्चर पुष्कळदा कोरं येतं. आणि कारण न शोधता, ताप उतरावा म्हणून दिलेलं स्टेरॉईडचं इंजेक्शन तर पू तसाच ठेवून फक्त तापाची सूचना बंद करतं.

निदानाची साधनं आज तालुक्याच्या गावीही पोचली आहेत. सोनोग्राफीत बहुतेक गळवं दिसतात. आकार, कप्पे, शेजारच्या अवयवांशी नातं आणि फुटल्याच्या खुणा पाहायला सीटी स्कॅन लागतो. आणखी एक सावधगिरी आपल्या भागात पाळलीच पाहिजे. शेळ्या-मेंढ्या आणि कुत्री यांच्या सहवासातल्या माणसांना हायडॅटिडची गाठ होते, ती प्लीहेतही असते. गळू समजून तिच्यात बेसावध सुई घातली, तर जिवावर बेतेल अशी ॲलर्जी उसळू शकते. सुई घालण्याआधी ही शंका फिटलेली असली पाहिजे.

आता उपचार. पू असेल तर वाट करून दे, ही शल्यवैद्याची हजारो वर्षांची शिकवण. प्लीहेच्या बाबतीत ती वाट करून देण्याचा एकच मार्ग दीर्घकाळ उपलब्ध होता, तो म्हणजे सबंध प्लीहाच काढून टाकणं. पॅरिसमध्ये पेआँ यांनी १८६७ साली एका तरुणीची प्लीहा यशस्वीपणे काढली. पुढे भूलशास्त्र, रक्तपेढ्या आणि प्रतिजैविकं आली, तशी ही शस्त्रक्रिया सर्वत्र होऊ लागली. प्लीहेविना माणूस जगतो, हे दिसत होतं. त्यामुळे ती काढण्यात विशेष काही गमावत नाही, असा समज रूढ झाला.

त्या समजाला १९५२ साली धक्का बसला. अमेरिकेत किंग आणि शूमॅकर यांनी पाच तान्ह्या मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. रक्ताच्या जन्मजात आजारासाठी त्यांच्या प्लीहा काढल्या होत्या आणि नंतर त्यांना भयंकर जंतुसंसर्गांनी गाठलं. पुढे मोठ्या माणसांतही हेच दिसलं. सकाळी थंडी वाजून ताप येतो, दुपारी रक्तदाब कोसळतो, आणि एक-दोन दिवसांत सगळं संपतं. असा प्रसंग शंभरातल्या थोड्याच जणांवर येतो, पण ज्यांच्यावर येतो त्यांतले जवळपास निम्मे दगावतात. मघाशी सांगितलेले कवचधारी जंतू आठवा. त्यांना धरणारी गाळणीच आपण काढलेली असते.

म्हणून आज उपचारांच्या तीन वाटा आहेत आणि त्या क्रमाने तपासायच्या.

पहिली वाट औषधांची. प्रत्येक रुग्णाला शिरेतून प्रतिजैविकं लागतातच. जंतू कळेपर्यंत अंदाजाने, आणि कल्चर आलं की नेमकी. सर्वसाधारणपणे चार ते सहा आठवडे. मेलिऑइडोसिसमध्ये शिरेतल्या औषधांनंतर आणखी तीन महिने तरी गोळ्या घ्याव्या लागतात. गळवं बारीक असतील, साधारण तीन सेंटिमीटरच्या आतली आणि विखुरलेली, तर नुसत्या औषधांवर ती विरू शकतात. पण दर काही दिवसांनी सोनोग्राफी करून ती खरंच लहान होत आहेत, हे डोळ्यांनी पाहायला हवं.

दुसरी वाट नळीची. स्वीडनचे सेल्डिंगर यांनी १९५३ साली रक्तवाहिन्यांसाठी जी युक्ती काढली, तीच इथे कामी येते. ती जरा जवळून पाहा. रुग्णाला किंचित उजव्या कुशीवर वळवतात. रक्त गोठण्याच्या तपासण्या आधीच झालेल्या असतात. रेडिओलॉजिस्ट सोनोग्राफीच्या पडद्यावर अशी वाट शोधतो, की जिच्यात प्लीहेचा निरोगी भाग कमीत कमी यावा, फुप्फुसाचं आवरण वर राहावं आणि मोठं आतडं खाली. कातडी बधिर करून, रुग्णाला श्वास रोखायला सांगून तो सुई आत सरकवतो. पडद्यावर सुईचं टोक पांढऱ्या ठिपक्यासारखं काळ्या पोकळीत शिरतं. सिरिंज ओढली की दाट, पिवळट-तपकिरी पू येतो. त्यातला पहिला भाग कल्चरला जातो. सुईतून तार आत, सुई बाहेर. तारेवरून वाट रुंद करायची, मग पिगटेल कॅथेटर, म्हणजे टोक आत गोल वळून अडकून बसणारी नळी, आणि शेवटी तार बाहेर. नळीला पिशवी जोडली की पू आपोआप उतरू लागतो. बहुतेकदा दोन-तीन दिवसांत ताप उतरतो, आणि जेवण नको म्हणणारा माणूस भाकरी मागतो.

पुढचं काम परिचारिकांचं आणि शिकाऊ डॉक्टरांचं. थोड्या सलाईनने नळी धुवायची, ती वाकू-तुंबू द्यायची नाही, रोज किती मिलीलिटर आलं ते लिहायचं. ही नोंद दहा मिलीच्या खाली आली, ताप थांबला आणि सोनोग्राफीत पोकळी मिटली, की नळी काढायची. हा कागद नीट भरलेला नसेल तर नळी कधी काढायची हे कोणी सांगू शकत नाही.

एकच मोठं, पातळ पुवाचं, कप्पे नसलेलं गळू या वाटेला उत्तम. अशा निवडक रुग्णांपैकी निम्म्याहून बरेच अधिक केवळ नळीवर बरे होतात आणि त्यांची प्लीहा वाचते. जाळीदार कप्पे, दाट पू, अनेक गळवं, पोटात पाणी किंवा रक्त न गोठण्याची अडचण असेल, तर नळी पुरी पडत नाही. दोन-तीन दिवसांत ताप उतरला नाही तर पुन्हा सीटी करायचा आणि तिसऱ्या वाटेकडे वळायचं. नळीच्या हट्टापायी रुग्ण खचू द्यायचा नाही.

तिसरी वाट प्लीहा काढण्याची. गळू फुटलं असेल, रक्तस्राव होत असेल किंवा बाकीचे उपाय फसले असतील, तर ती प्राण वाचवते आणि तिथे मागेपुढे पाहायचं नसतं. पण हे काम साध्या प्लीहेसारखं नसतं. सुजेमुळे ती श्वासपटलाला, जठराला, आतड्याला चिकटलेली असते. स्वादुपिंडाची शेपूट तिच्या देठाशीच असते आणि तिला इजा झाली तर पाचकरस पोटात गळत राहतो. १९९१ पासून दुर्बिणीतून प्लीहा काढता येते, मात्र इतक्या चिकटलेल्या प्लीहेत दुर्बिणीचा आग्रह सोडून पोट उघडावं लागलं, तर त्यात कमीपणा नाही.

आणि इथे मी आजच्या मुख्य मुद्द्यावर येतो. प्लीहा काढली, टाके वाळले, सुट्टी झाली, की आपण उपचार संपला असं समजतो. या रुग्णाचा उपचार त्या दिवशी आयुष्यभरासाठी सुरू होतो. त्याला न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिमोफिलस बी यांच्या लसी लागतात. शस्त्रक्रिया ठरवून असेल तर निदान दोन आठवडे आधी, तातडीची असेल तर दोन आठवड्यांनी. काहींचे डोस पुढेही घ्यावे लागतात, आणि फ्लूची लस दरवर्षी. ताप आला की उद्या बघू असं चालत नाही. प्रतिजैविकाची गोळी घरात हवी, ती लगेच घ्यायची आणि तासाभरात दवाखाना गाठायचा. कुत्रं चावलं, हिवताप झाला, तरी त्याला इतरांपेक्षा धोका जास्त.

आता तो ऊसतोड कामगार डोळ्यांपुढे आणा. दोन आठवड्यांनी लसीला या, हे आपण त्याला सांगतो. तो येईल का? दोन दिवसांची मजुरी, एसटीचं भाडं आणि लसीचे काही हजार रुपये तो कुठून आणणार? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेने गरिबांच्या अनेक शस्त्रक्रियांचा भार हलका केला, हे मान्य. मोठ्या माणसांच्या या लसी मात्र बहुतेकदा रुग्णालाच विकत आणाव्या लागतात. परत न येणाऱ्या रुग्णाला सुट्टीच्या आधीच लस टोचावी, हे वैद्यकालाही मान्य आहे. तेव्हा लसीची तारीख लिहून देण्यापेक्षा लस देऊन घरी पाठवावं. पुढच्या हंगामात तो शंभर कोसांवरच्या एखाद्या कोपीत तापाने फणफणला, तर तिथल्या डॉक्टरला हा माणूस प्लीहा नसलेला आहे हे कोण सांगणार? त्याच्या खिशातलं, मराठीत छापलेलं, दोन ओळींचं कार्ड सांगेल. त्याच्या बायकोलाही त्या दोन ओळी पाठ असल्या पाहिजेत.

२०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांची चौकशी करायला सरकारला समिती नेमावी लागली. प्लीहा काढणं आणि ते प्रकरण मी एका मापाने मोजत नाही, कारण इथे शस्त्रक्रिया अनेकदा खरोखरच अटळ असते. पण त्या प्रकरणाने एक गोष्ट चव्हाट्यावर आणली. ज्याला पुन्हा पुन्हा दवाखान्यात येणं परवडत नाही, त्याच्या बाबतीत अवयव काढून मोकळं होण्याचा मोह डॉक्टरलाही होतो आणि रुग्णालाही. नळीला तीन आठवडे लागतात, शस्त्रक्रियेला तीन तास. गरिबाला तीन तासांचा उपाय स्वस्त वाटतो. त्याची पुढची किंमत त्याला कोणी सांगितलेली नसते. ती सांगणं हे आपलं काम आहे.

शेवटचा मुद्दा पाण्याचा. टायफॉईड तोंडावाटे, दूषित पाण्यातून येतो. मलिक अंबरने सतराव्या शतकात नहरी बांधून या शहराला वाहतं पाणी दिलं. आज पैठणला नाथसागर भरलेला असतानाही इथल्या नळांना कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी येतं. मग टाक्या, पिंपं, टँकर, आणि साठवलेल्या पाण्यात जंतूंना भरपूर सवड. नवी मुंबई महानगरपालिकेने २०१८ साली टायफॉईडच्या नव्या संयुग्मित लसीची मोहीम राबवली. सार्वजनिक यंत्रणेने मुलांना ही लस देण्याचा जगातला तो पहिला प्रयोग होता, आणि ती लस शेजारच्या हैदराबादची. आपल्या महापालिकेने यावर विचार करायला हरकत नाही. लस पाण्याची जागा घेणार नाही, पण पाणी येईपर्यंत मुलांना आधार देईल.

श्रोतेहो, गावोगावच्या डॉक्टर मित्रांना माझी विनंती आहे. ताप दहा दिवसांच्या वर गेला आणि डावी कूस दुखत असली, तर पुढची सलाईन लावण्याआधी कल्चर घ्या आणि सोनोग्राफीला पाठवा. तरुण शल्यचिकित्सकांना सांगणं असं, की नळीने भागत असेल तर नळीने भागवा, आणि प्लीहा काढावीच लागली तर लस आणि कार्ड दिल्याशिवाय रुग्णाला सोडू नका. आणि तुम्हा सर्वांना सांगतो : तुमच्या घरात, शेजारी, मळ्यात कोणाची प्लीहा अपघातात किंवा आजारात काढलेली असेल, तर आज घरी गेल्यावर त्याला एवढंच विचारा, की लसी घेतल्या का? नसतील, तर उद्या त्याला दवाखान्यात घेऊन जा. शस्त्रक्रियेला दहा वर्षं झाली असली तरी लस घेता येते.